गॅस ‘संपला’ म्हणजे गेला कुठे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विषय : घरगुती एसीच्या दुरुस्तीची बिले

महोदय,

पारा किती चढला हे उन्हाळ्यात आपण रोज पहिल्या पानावर छापता. त्या पाऱ्यापायी पुणेकरांच्या घरी एसी दुरुस्तीची जी बिले येतात, त्यांनाही आत कुठेतरी जागा मिळावी म्हणून हे पत्र.

‘पुण्याला एसी कशाला?’ असे विचारणारी पिढी अजून आहे. २०१९ च्या एप्रिलमध्ये शिवाजीनगरला ४३ अंशांची नोंद झाली होती, एवढेच त्यांना सांगतो. मार्च-एप्रिलचा कोरडा उकाडा कूलरवर निघून जातो. पण वळवाच्या दोन सरी पडल्या, हवा दमट झाली, की तोच कूलर खोलीत नुसती ओल फेकतो आणि पंख्याखाली बसूनही अंगावरचा घाम वाळत नाही. घरात म्हातारे माणूस किंवा तान्हे मूल असेल तर एसी ही चैन राहत नाही, आणि तो नेमक्या त्याच दिवसांत बंद पडला की समोरचा सांगेल तो दर मुकाट्याने मान्य करावा लागतो.

मी भोसरीतल्या एका कारखान्याच्या देखभाल विभागातून निवृत्त झालो. चिलर, कॉम्प्रेसर यांच्यातच नोकरी गेली. त्यामुळे सोसायटीत कुणाच्या एसीचे बिल आले, की ‘काका, जरा बघता का?’ म्हणून माझ्याकडे येते. त्यात एक ओळ हमखास असते : गॅस चार्जिंग. कुणाला २,८०० रुपये, कुणाला ३,२००, मे महिन्यात सरळ ३,५००. वरच्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या काकूंच्या फायलीत तर ही ओळ दर उन्हाळ्याला आहे. दुरुस्तीवाला मुलगा येतो, ‘आजी, गॅस संपला’ म्हणतो, आणि त्या पर्स काढतात.

एसीतला गॅस वापरून संपत नाही. तो बंद नळ्यांमधून तसाच फिरत राहतो : आत खोलीतली उष्णता उचलतो, बाहेर नेऊन टाकतो, परत येतो. नळ्या शाबूत असतील तर पहिल्या दिवशी भरलेला गॅस एसी भंगारात जाईपर्यंत पुरतो. कमी झाला असेल तर तो कुठून तरी गळतोय, आणि गळती न शोधता वरून गॅस भरणे म्हणजे पुढच्या उन्हाळ्याचे गिऱ्हाईक आजच बांधून ठेवणे. ट्यूबला पंक्चर असताना नुसती हवा मारून पाठवणारा सायकलवाला या शहरात आठवडाभर टिकला नसता. एसीवाले मात्र वर्षानुवर्षे टिकून आहेत.

यंदा काकूंकडे तो मुलगा आला तेव्हा मी वर गेलो. पाठीला सॅक, हातात गॅसची बाटली आणि दाब मोजायचे गेज. त्याने बाल्कनीत वाकून बाहेरच्या युनिटच्या व्हॉल्व्हला गेज लावले, काटा पाहिला आणि निकाल दिला, ‘गॅस कमी आहे.’ मी विचारले, ‘आतला फिल्टर काढून बघितलास का?’ नव्हता बघितला. काढला तर त्यावर बोटभर धुळीचा थर. आमच्यासमोरचा रस्ता वर्षभर खोदलेलाच आहे. जाळी तुंबली की कॉइलवरून हवा कमी जाते आणि गेजवरचा दाब त्यानेही उतरतो. इन्व्हर्टर एसीत तर कॉम्प्रेसरचा वेगच सतत बदलत असतो. तिथे नुसत्या काट्यावरून गॅस किती उरला हे सांगणे हा अंदाजपंचे कारभार झाला.

फिल्टर धुऊन बसवला, काटा थोडा वर आला, पण पुरेसा नाही. मग काकूंकडून वाटीत साबणाचे पाणी आणले आणि ब्रशने जोडांवर लावले. बाहेरच्या युनिटला तांब्याची नळी जिथे नटने आवळलेली असते, तिथे बारीक बुडबुडे फुटायला लागले. नळीचे तोंड बसवतानाच नीट फुलवलेले नव्हते. म्हणजे काकूंनी दर उन्हाळ्याला जे पैसे मोजले, ते या एका नटातून हवेत गेले. काम खरे तर किरकोळ. नळीचे टोक कापून पुन्हा फुलवायचे, नट आवळायचा, नायट्रोजनने दाब देऊन जोड तपासायचा, पंप लावून आतली हवा आणि ओल काढून टाकायची आणि युनिटच्या पट्टीवर जेवढे ग्रॅम छापले आहेत तेवढाच गॅस वजनकाट्यावर मोजून भरायचा. त्या मुलाकडे ना पंप होता, ना वजनकाटा. दुसऱ्या दिवशी त्याचा वरिष्ठ दोन्ही घेऊन आला आणि त्याने काम चोख केले, हेही सांगितले पाहिजे.

हा पंप सहसा ‘वेळ नाही’ म्हणून टाळला जातो. नळीत ओल राहिली की तेल खराब होते, पुढे कॉम्प्रेसर बसतो आणि मग ‘साहेब, आता नवीनच घ्या’ हे ठरलेले वाक्य येते. शिवाय हल्लीच्या बहुतेक घरगुती एसींत आर-३२ गॅस असतो. तो थोडासा का होईना, ज्वालाग्राही आहे आणि त्याचा एक किलो हवेत सोडला तर शंभर वर्षांच्या हिशेबाने सुमारे ६७५ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरून ठेवतो. उन्हाळा वाढला म्हणून एसी घ्यायचा आणि त्याच एसीतून उन्हाळा वाढवायचा, असा हा प्रकार आहे.

दुसरी मोठी रक्कम पीसीबीची, म्हणजे एसी चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाची. वळवाच्या पावसात वीज जाते-येते, दाब वरखाली होतो, बोर्ड उडतो. कधी बाहेरच्या युनिटमध्ये पाल शिरते आणि स्वतःबरोबर बोर्डही संपवते. आमच्या इमारतीत एकाला बोर्डासाठी ९,००० रुपये सांगितले होते. त्यांनी तो काढून तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात नेला, एक जळका भाग बदलून १,२०० रुपयांत एसी सुरू झाला. प्रत्येक बोर्ड असा वाचतो असे नाही. पण वाचतो का, एवढे तपासायचीही तसदी कुणी घेत नाही आणि काढलेला बोर्ड ‘कंपनीत जमा करावा लागतो’ म्हणून घेऊन जातात. वॉरंटी संपल्यावर पूर्ण पैसे मोजून बदललेला जुना भाग मालकाचाच असतो, तो मागून घ्यावा. ‘कॉम्प्रेसरवर दहा वर्षे’ ही जाहिरातही एकदा बारीक अक्षरांसकट वाचावी. गॅस, मजुरी आणि वाहतूक बहुधा त्यातून वगळलेली सापडेल.

पाणी गळणे, केमिकल वॉश वगैरेबद्दल लिहीत नाही. बहुतेक वेळा ड्रेनच्या नळीत शेवाळ अडकलेले असते, फुंकर मारली तरी निघते.

या सगळ्याचे खापर त्या पोरांवर फोडणे मला मान्य नाही. ती दिवसाला ठरावीक कॉल उरकण्याच्या बोलीवर काम करतात, गॅस विकला तर कमिशन, गळती शोधण्यात तास घालवला तर बोलणी. दहाव्या मजल्याच्या डक्टमध्ये पट्टा न लावता लोंबकळणारी पोरे मी पाहिली आहेत. आयटीआयमध्ये या कामाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. केंद्राने २०१९ साली जो कूलिंग ॲक्शन प्लॅन जाहीर केला, त्यात एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण देऊन प्रमाणपत्र देण्याचे उद्दिष्ट २०२२-२३ पर्यंतचे होते. आमच्या दारात आलेल्यांपैकी कुणाकडे असे प्रमाणपत्र मला अजून दिसलेले नाही.

‘बिल हवे असेल तर वर १८ टक्के पडतील’ हे वाक्य पुण्यात कुणी ऐकले नाही? ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेचे बिल न देणे हीच अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल हातात असेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते, आणि मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागायला शुल्कही नाही. बिल नसेल तर बोलणेच खुंटले. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, याचा आनंद आहे. दुरुस्तीच्या मजुरीवर मात्र तो आधीही १८ होता आणि आताही १८ आहे. जुने टिकवणाऱ्याला सवलत नाही.

माझी मागणी फार मोठी नाही. नव्या एसीवर वीजबचतीचे तारे छापतात, वर्षाला १,६०० तास चालवला तर किती युनिट लागतील तेही छापतात. त्याच्याच शेजारी पीसीबी, कॉइल, मोटर आणि गॅसचा प्रतिकिलो दर छापावा आणि तो किती वर्षे बांधील राहील तेही लिहावे. केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’चे (दुरुस्तीच्या हक्काचे) संकेतस्थळ सुरू केले आहे; त्यावर प्रत्येक मॉडेलच्या सुट्या भागांच्या किमती टाकण्याची सक्ती केली तरी बरेच काम होईल. ग्राहक पंचायत ज्या शहरात १९७४ साली सुरू झाली, तिथल्या ग्राहक संघटनांनी हा विषय हाती घ्यावा, अशी विनंती.

तोवर आमच्या सोसायटीने आपल्यापुरते ठरवले आहे. पुढच्या उन्हाळ्यासाठी तिघा दुरुस्तीवाल्यांशी बोलून लेखी दर मागितले : गळती शोधण्याचे वेगळे, गॅसचे ग्रॅमवर, आणि काम पंप लावूनच. दोघे तयार झाले, त्यातल्या एकाने तर वजनकाटा दाखवायलाच आणला होता. तिसऱ्याने ‘ग्रॅमवर’ हा शब्द ऐकून फोन ठेवला.

कळावे,
आपला नियमित वाचक,
कोथरूड, पुणे