दुपट्टा धरून विहिरीपाशी उभ्या राहिलेल्या काकाजींना

काकाजी, रामराम.

हे पत्र तुमचा नातू तुम्हाला मोबाइलवर वाचून दाखवेल, त्याला तसं सांगून ठेवलंय. त्या दिवशी मला धड बोलताच आलं नाही, गडवाभर पाणी पिलो अन् तुमच्या वावराच्या धुऱ्यावर रडत बसलो, आभार मानायचे राहूनच गेले. तीन आठवडे झाले, तरी डोळा लागला की तुम्हीच दिसता, दोन्ही हातांनी पांढरा दुपट्टा ताणून उभे, अन् मी विमान घेऊन सरळ तुमच्या अंगावर येऊन राहिलो.

ते विमान मी सात वर्षं बांधत होतो. 2016 ला मुंबईच्या मेक इन इंडिया प्रदर्शनात वैमानिक अमोल यादवांनी कांदिवलीत घराच्या गच्चीवर बांधलेलं विमान पाहिलं अन् तेव्हापासून डोक्यात दुसरं काही शिरलंच नाही. माझं तं लहानसंच, दोन सीटचं, ॲल्युमिनिअमचा पत्रा, 80 हॉर्सपॉवरचं रोटॅक्स इंजिन, रिव्हेट मारून मारून खांदा गेला होता माझा. परवानग्यांचं रामायण इथं सांगत नाही.

पण एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. इंजिनाचा आरपीएम, म्हणजे फिरायचा वेग, मधूनच पडतो म्हणून मी वर्कशॉपवाल्याला दोनदा दाखवलं होतं. तो म्हणे उन्हात हवा पातळ होते, तेवढं चालते. उन्हात हवा पातळ होते हे खरंच आहे ना, म्हणून मीही गप बसलो. निघालं भलतंच. आता पेट्रोलमधे 20 टक्के इथेनॉल येते, त्यानं जुन्या रबरी पाइपचं अस्तर आतून मऊ पडून सुटलं अन् त्याचे तुकडे फिल्टरमधे जाऊन बसले. फिल्टर उघडायला पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं त्यानं दिली नाही, पैसे मात्र पूर्ण घेतले, अन् नंतर फोन केला तं म्हणतो पाइप तुम्हीच बदलायला पाहिजे होता. लागलं का, एवढंही विचारलं नाही.

चांदूर बाजाराच्या अलीकडे सहाशे फुटांवर इंजिन दोनदा खोकललं अन् बंद. पंखा माझ्यासमोर उभाच्या उभा थांबला. अशा वेळी हात आपोआप दांडी मागे ओढायला जातो, अन् तसं केलं की विमान दगडासारखं खाली येतं, म्हणून नाक खाली दाबून ठेवायचं, मागे वळून धावपट्टीवर जायचा मोह करायचा नाही, हे हजार वेळा घोकलं होतं म्हणून तेवढं जमलं. हातात पाऊण मिनिट. खाली जिकडे पाहावं तिकडे संत्र्याच्या बागा, एक वखरलेलं वावर, त्यात चाक रुतून उलटलोच असतो, अन् एक तुमचं, हरभरा सोंगून मोकळं झालेलं, एका कोपऱ्यात सुडी. तासाच्या, म्हणजे पिकाच्या ओळींच्या, दिशेनं उतरवलं.

चाकं टेकली अन् समोर तुम्ही. खोटं बोलत नाही काकाजी, मला रागच आला होता, वाटलं हा माणूस मला आपल्या वावरातून हाकलून राहिला, जीवाची भीती नाही का याला. तुम्ही हलायलाच तयार नाही. तुम्हाला वाचवायचं म्हणून मी उजवा पाय पूर्ण दाबला, विमान वळलं, पुढचं चाक धुऱ्यावर वाकलं अन् थांबलं. खाली उतरून पाहिलं तं तुमच्या पाठीमागे चार पावलांवर विहीर. ना तोंडी, ना कठडा, कडेनं गवत. ती मला विमानातून दिसलीच नव्हती, अन् दिसणारही नव्हती.

मी विचारलं, काकाजी, पळाले काऊन नाही? तुम्ही दुपट्टा झटकत म्हणाले, "मी पयालो असतो तं तुले हीर कशी दिसली असती?"

बस, एवढंच. मग माझ्या कमरेचा पट्टा कुठे घासला ते पाहिलं, काकूला चहा टाकायला लावला, अन् गावातले पोट्टे व्हिडिओ काढायला माझ्या तोंडाशी आले तेव्हा तोच दुपट्टा माझ्या डोक्यावरून टाकला. रात्री विमानापाशी बाज टाकून झोपले, कोणी पत्र्याला हात लावू नये म्हणून. माझं नाव तुम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी विचारलं, तोवर नुसतं बाबू.

आपल्याकडे असे लोक आहेत, कोणाच्या बंडीचा आस मोडला तरी हातातलं काम टाकून धावतात, आपलं किती नुकसान होते ते मोजत नाहीत, अन् त्यांना कोणी कधी पत्र लिहीत नाही. मी आधी असं कधी कोणाला लिहिलं नव्हतं, याची आता लाज वाटते.

मोडलेल्या धुऱ्याचे पैसे तुम्ही घेतले नाहीत. ठीक आहे. पण विटा अन् सिमेंट मी सांगून ठेवलंय, पुढच्या रविवारी मिस्त्री घेऊन येतो, विहिरीला तोंडी बांधायची आहे. त्याला नाही म्हणू नका.

तुमचा,
विमानवाला बाबू