सात देश नकोत, एक दरी बघ

सातारा
14 जानेवारी

प्रिय मंगल,

सूनबाईंनी दाखवलेलं युरोपातल्या सात देशांच्या टूरचं पत्रक तू मला पाठवलंस आणि खाली एवढंच विचारलंस, "जाऊ का गं? का उगीच पैसे घालवायचे?" दोन ओळींत उत्तर देता येईना, म्हणून सविस्तर लिहायला बसले. दाजींनाही वाचून दाखव. "आपल्या देशात काय कमी आहे?" हे त्यांचं वाक्य मी फोनवर मागून ऐकलंय.

माझं मत आधीच सांगून टाकते. या पत्रकातल्या सहलीला जाऊ नकोस. पण परदेशी जरूर जा. एकाच ठिकाणी जा, तिथे मुक्काम ठोक, आणि तुला ज्यातलं कळतं ते बघायला जा. तुला दुधातलं कळतं. गावच्या महिला दूध संस्थेचा कारभार इतकी वर्षं सांभाळलेल्या बाईने आयफेल टॉवरसमोर फोटो काढायला पेन्शनचे पैसे मोडावेत, हे मला पटत नाही. तुझ्यासाठी बघण्यासारखं काय आहे ते पुढे सांगते. थोडा धीर धर.

आम्ही दोघं पहिल्यांदा गेलो ते अशाच ग्रुप टूरने. व्यवस्थेबद्दल माझी काही तक्रार नाही. सकाळी पोहे-उपमा, रात्री वरण-भात, सामान उचलायला माणूस, सोबतीला चांगली मंडळी. पण सगळा प्रवास घड्याळाकडे बघण्यात गेला. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात 2024 मध्ये 87 लाख लोक येऊन गेले, आणि त्यातल्या बहुतेकांना बघायची असते मोनालिसा. ते चित्र 77 बाय 53 सेंटीमीटरचं, काचेआड. समोर हात वर करून फोन धरलेली माणसं. मला चित्र दिसलं ते पुढच्या माणसाच्या फोनच्या पडद्यावर. तिथून धावत बाहेर, कारण बस सुटणार. बसचं म्हणशील तर एक गोष्ट मात्र मनापासून आवडली. युरोपात ड्रायव्हरने साडेचार तास गाडी चालवली की पाऊण तास विश्रांती घ्यायलाच हवी, तसा कायदा आहे. आमच्यातले काही जण त्यावरून कुरकुरत होते. मला आपल्या रात्रपाळीच्या एसटी आणि ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरांचे लाल डोळे आठवले.

मग स्वित्झर्लंड. युंगफ्राउयोख नावाच्या बर्फातल्या खिंडीत वर नेलं, 3,454 मीटर उंचीवर, आणि तिथे नुसतं ढगात उभं केलं. चार हातांपलीकडचं दिसेना. टूरचा दिवस ठरलेला, ढगांना त्याचं काय? दुपारी खाली, दुसऱ्या दिवशी दुसरा देश. अशा प्रवासालाच मी म्हणते की त्याचा बोलबाला फार आणि हाती येतं थोडं. खुद्द त्या शहरांनाही आता हे नकोसं झालंय. व्हेनिसने 2024 पासून गर्दीच्या दिवसांत पाच युरोचं प्रवेश शुल्क लावलं, ते कुणाला? सकाळी येऊन संध्याकाळी परत जाणाऱ्यांना. रात्री मुक्कामाला राहणाऱ्याला ते द्यावं लागत नाही. मला हा भेद अगदी योग्य वाटतो.

दुसऱ्या खेपेला गेले ती भाचीमुळे. ती झुरिकला असते. तिने लाउटरब्रुनेन नावाच्या गावात एक खोली घेऊन दिली आणि म्हणाली, "मावशी, आता इथून हलू नकोस."

मंगल, मी जन्मभर मुलांना फळ्यावर 'यू' आकाराची दरी काढून दाखवली. नदी खोदते ती दरी तळाशी चिंचोळी, 'व्ही' आकाराची, तशी आपल्या सह्याद्रीत पावलोपावली. हिमनदी खोदते ती दोन्ही बाजूंनी उभी कापलेली आणि तळाला सपाट. लाउटरब्रुनेनच्या दरीत उभं राहिलं की दोन्हीकडे उभे कडे आणि पायाखाली सपाट कुरण, आणि त्या कुरणावर गायी चरतायत. फळ्यावरची रेघ मी कधी मान वर करून बघितली नव्हती! श्टाउबबाख नावाचा धबधबा तिथे 297 मीटरवरून पडतो. तो तिथून का पडतो, हे मला माहीत होतं. बाजूची छोटी हिमनदी मोठीएवढं खोल खोदू शकली नाही, म्हणून तिची दरी वर अधांतरी लटकत राहिली. पण ठाऊक असलेलं कारण डोळ्यांसमोर उभं राहतं, तेव्हा आनंद काही वेगळाच होतो. पुढे ट्रुमेलबाख म्हणून जागा आहे, डोंगराच्या पोटात दहा धबधबे. आयगर, म्योंख आणि युंगफ्राउ या तिन्ही शिखरांवरच्या हिमनद्यांचं पाणी तिथून उतरतं, ऐन हंगामात सेकंदाला वीस हजार लिटरपर्यंत. ते पाणी पांढुरकं असतं, बादलीत दुधाचं भांडं विसळल्यासारखं. दगड दळून झालेलं पीठ असतं ते. मी ओंजळीत घेऊन बोटांनी चोळून बघितलं, खाली बसलेला साका अगदी मऊ लागतो.

तू म्हणशील, ही तुझ्या भूगोलाची हौस. बरोबर आहे. म्हणून तर सांगते, प्रत्येकाने आपापली हौस घेऊन जावं. जिथे आपल्याला काही विचारायचंच नाही, तिथे कितीही सुंदर असो, दोन दिवसांत कंटाळा येतो.

आणि राहिल्यामुळे जे दिसलं ते कुठल्याच पत्रकात नाही. सकाळी पाच-सहा वर्षांची पोरं शाळेला निघायची, एकटी, आईबाप बरोबर नाहीत. प्रत्येकाच्या गळ्यात पिवळ्या-नारिंगी कापडाचा चमकदार त्रिकोण, गाडीवाल्याला लांबूनच दिसावा म्हणून. त्या देशात बालवाडीतल्या पोरांनाही आपल्या पायांनी शाळेत जायची सवय लावतात. मोटारी थांबायच्या, पोरं रस्ता ओलांडायची, कुणी हॉर्न वाजवत नव्हतं. मी शिक्षिका, रोज त्या वळणावर जाऊन उभी राहायचे. आपल्याकडे रिक्षात पंधरा पोरं कोंबतो, त्याला पैसा कमी पडतो म्हणून नव्हे. मोटारीने लहान मुलासाठी थांबायचं असतं, एवढंच आपण अजून ठरवलेलं नाही. दुसरं तिथल्या बसचं. गाडी स्टेशनात आली की बाहेर पोस्टाची पिवळी बस उभी असते, आणि गाडीतली माणसं चढल्याशिवाय सहसा हलत नाही. सगळ्या देशाचं वेळापत्रक 1982 पासून असं एकमेकांत गुंफलंय.

तुझा मुलगा म्हणतो, यूट्यूबवर सगळं दिसतं. त्याचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. आपण दोघी हिंगण्याच्या वसतिगृहात वाढलो, तेव्हा अण्णांचीच गोष्ट आठव. महर्षी कर्व्यांच्या हाती टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका पडली, आणि जपानचं तोंडही न बघता त्यांनी 1916 मध्ये आपलं महिला विद्यापीठ उभं केलं. म्हणजे नुसत्या पुस्तिकेवर केवढं काम होऊ शकतं! पण तेच अण्णा 1929 मध्ये, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, जगाच्या प्रवासाला निघाले. युरोप, अमेरिका केली आणि जपानलाही जाऊन आले. विद्यापीठ तर कधीच उभं राहिलं होतं, मग का गेले? मला वाटतं, माहिती घरी येते, पण व्हिडिओ करणारा त्याला जे दिसलं ते दाखवतो. तुला जे दिसलं असतं ते त्याच्या कॅमेऱ्यात नसतं. तो त्रिकोण मला आजवर एकाही व्हिडिओत दिसलेला नाही.

आता तुझं. लाउटरब्रुनेनच्या भागातले शेतकरी उन्हाळ्यात गायी वरच्या कुरणांवर नेतात आणि सप्टेंबरात खाली आणतात. गायी बहुतेक सिमेंटाल जातीच्या, त्यांचं मूळ खोरं तिथून जवळच. वर गोठ्याशेजारच्या झोपडीत लाकडाच्या चुलीवर तांब्याच्या कढईत दूध तापवून चीज करतात, कारण रोज दूध खाली पोचवणं परवडत नाही. सगळ्यांच्या गायींचं दूध एकत्र, चीजही एकत्र. मग वाटणी कशी करायची? थून सरोवराच्या वर युस्टिसटाल नावाची दरी आहे, तिथे सप्टेंबरात त्या वाटणीचा मोठा दिवस असतो. भाची मला मुद्दाम घेऊन गेली. लाकडी कोठारातून चीजची जडशीळ चाकं माणसांच्या रांगेतून हातोहात बाहेर येतात, गवतावर त्यांचे ढीग लागतात. कुणाच्या गायीने उन्हाळाभर किती दूध दिलं त्याचा हिशेब असतो, त्यावर वाटा, आणि कुठला ढीग कुणाचा ते चिठ्ठ्या टाकून ठरतं. मागून फुलांनी सजवलेल्या गायी उतरतात, गळ्यातल्या घंटांचा नाद अख्ख्या दरीत. मी तिथे उभी राहून तुझीच आठवण काढत होते. तुझ्या संस्थेत दिवाळीला दर फरक वाटतानाची ती गडबड, वहीत बोट ठेवून "माझं लिटर बघ गं" म्हणणाऱ्या बायका, सगळं तेच. मी लांबून बघून आले. तू तिथे असतीस तर त्या माणसांना दहा प्रश्न विचारले असतेस: फॅट मोजता का, गाय आटली तर वाटा किती, नव्या सभासदाला घेता का. ते प्रश्न मला सुचलेच नाहीत. त्यासाठी तू जायला हवंस.

दाजींच्या म्हणण्याला माझा विरोध नाही. आपल्याकडे खरंच काही कमी नाही. लोणारचं उल्कापाताचं विवर आपल्या राज्यात, आणि आपल्या ओळखीतल्या कितीजणांनी बघितलंय? त्यांना म्हणावं, लोणारला या दिवाळीत जाऊ, मी गाडी करते. पण आधी सगळा देश संपवा आणि मगच बाहेर पाऊल टाका, ही अट मला कळत नाही. गुडघे तेवढी वाट बघत नाहीत.

एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे, तीही सांगते. 2022 आणि 2023 या दोनच वर्षांत स्वित्झर्लंडच्या हिमनद्यांतला दहा टक्के बर्फ वितळून गेला. आपण ते बघायला विमानाने जातो, त्या विमानाचा धूर त्यात भर घालतो. म्हणून मी दरवर्षी एक देश हा छंद लावून घेणार नाही, आणि तुलाही लावू देणार नाही. एकदाच जा, नीट जा, भरपूर दिवस राहा.

आता कामाचं. शेंगेन व्हिसा, म्हणजे स्वित्झर्लंडसकट युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा व्हिसा, त्याची फी 90 युरो, नाकारला तर परत मिळत नाही, तेव्हा बँकेची स्टेटमेंट आणि आयकर रिटर्न आधीच नीट लावून ठेव. परतल्यावर पुढे तीन महिने तरी पासपोर्ट चालू हवा. सगळं महाग आहे, एका स्विस फ्रँकला शंभरावर रुपये पडतात. युंगफ्राउयोखचं तिकीट दोनशे फ्रँकच्या पुढे. ते आधी काढू नकोस. सकाळी उठून वरचा कॅमेरा फोनवर बघायचा, आभाळ स्वच्छ असेल त्याच दिवशी निघायचं. वरून 'आलेच' नावाची हिमनदी दिसते, आल्प्समधली सगळ्यात लांब. मला दुसऱ्या खेपेला दिसली आणि मी बराच वेळ बाकावरून उठले नाही. पाणी विकत घेऊ नकोस, गावातल्या हौदांचं पाणी पिण्याजोगं असतं. भाजणी, मेतकूट, चटण्या ने. तूप नेऊ नकोस, दुधाचे पदार्थ बाहेरून नेऊ देत नाहीत. आणि तू माळकरी, म्हणून आधीच सांगते, तिथल्या पारंपरिक चीजमध्ये सहसा वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारं विरजण, असतं. विचारून घे.

गुडघ्यांची काळजी करू नकोस. लाउटरब्रुनेनपासून श्टेखेलबर्गपर्यंतचा दरीतला रस्ता जवळजवळ सपाट आहे. दमलीस तर वाटेत तीच पिवळी बस मिळते.

सप्टेंबरचं जमवायचं तर व्हिसाचं काम मे महिन्याच्या आत हातात घ्यायला हवं. संस्थेचं ऑडिट कधी आहे ते कळव, म्हणजे भाचीला तारखा सांगते. तिने वाटणीच्या दिवशी सुट्टी काढून तुझ्याबरोबर यायचं कबूल केलंय, तुझे प्रश्न जर्मनमध्ये विचारायला कुणीतरी हवं ना.

दाजींना नमस्कार, नातवाला पापा.

तुझी,
मालू