लेझीम दिसते, ऐकू येत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला टीव्हीवरच्या देशगौरवाच्या छोट्या फिल्मांवरचा पानभर लेख वाचला. दोनदा वाचला. एकदा चहाबरोबर आणि एकदा लाल पेन घेऊन. शाळेत पी.टी.चा मास्तर होतो, पण भूगोलाचे पेपरही तपासायचो. सवय जात नाही.

आधी लाल पेनाचे. ‘मिले सुर मेरा तुम्हारा’ हे देशाच्या एकतेचे गाणे टीव्हीवर पहिल्यांदा लागले ते 26 जानेवारीला नव्हे, 15 ऑगस्ट 1988 ला, लाल किल्ल्यावरचे पंतप्रधानांचे भाषण झाल्यावर. संगीतासाठी लुई बँक्स यांचे नाव दिलेत, बरे केलेत. अशोक पत्की कुठे गेले? मराठी वृत्तपत्राने नेमका मराठी संगीतकार गाळावा, याला कौशल्य लागते. आणि ती चिडियांची, जाळ्यासकट उडून जाणाऱ्या पक्ष्यांची ‘एक अनेक और एकता’ ही कार्टून फिल्म दूरदर्शनने काढलेली नाही. ती सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनची, 1974 ची, दिग्दर्शन विजया मुळे यांचे. पुन्हा एक मराठी नाव. असो.

चुका होतात. मला राग आला तो लेखातल्या शेवटच्या रकान्याचा. हल्लीच्या तीस सेकंदांच्या फिल्मा ‘तांत्रिकदृष्ट्या कितीतरी पुढे गेल्या आहेत’ म्हणे, कारण ड्रोनमधून अख्खे लेझीम पथक एका दृष्टिक्षेपात दिसते. दिसते हो. पण लेझीम ही काय रांगोळी आहे, वरून बघायला?

मला हे विचारायचा थोडा अधिकार आहे.

1997 साली स्वातंत्र्याला पन्नास वर्षे झाली तेव्हा अशा फिल्मांचे पेव फुटले होते. आमच्या गावातही एक चमू आला. कुणाचा, कुठल्या वाहिनीसाठी, ते लिहीत नाही. माणसे वाईट नव्हती, घाईत होती. शाळेची चोवीस पोरे पहाटे पाचला मैदानावर उभी केली, कारण दिग्दर्शकांना सूर्य कोवळा हवा होता. फेटे त्यांनीच आणले होते, सगळे भगवे, आणि बांधायला येणारा माणूस त्यांच्यात एकही नव्हता. चोवीस फेटे मी आणि शाळेच्या शिपायाने बांधले. सूर्य तोवर चांगला कासराभर वर आला.

आमचा हलगीवाला सत्तरीचा. यात्रेत, कुस्तीच्या फडात, लग्नात, सगळीकडे तोच. थंडीच्या दिवसांत कातडे सैल पडते म्हणून तो मैदानाच्या कडेला पाचट पेटवून हलगी तापवत बसला होता. धूर फ्रेममध्ये येतो म्हणून ती आग विझवायला लावली. मग त्यालाच फ्रेमच्या बाहेर, पाण्याच्या टाकीमागे उभे केले, कारण त्याचा सदरा पोरांच्या फेट्यांना शोभत नव्हता. टाकीमागून त्याने चार तास वाजवले. ‘चार आवाज’, ‘पवित्रा’, ‘दो रुख’, पोरांनी लेझीमचे सगळे हात करून दाखवले. ज्यांनी लेझीम हातात धरलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो: इथे नुसते हात-पाय हलवून भागत नाही. साखळीतल्या चकत्या ज्या क्षणी वाजतात त्याच क्षणी पाय पडला पाहिजे, आणि दोन्ही हलगीवर पडले पाहिजेत. ‘चार आवाज’ या नावातच आवाज आहे. पोरगा अर्धी मात्रा चुकला तर मी डोळे मिटूनही सांगायचो, तिसऱ्या रांगेतला डावीकडून दुसरा.

दांडीला माइक लावलेला एक मुलगा होता त्यांच्यात. त्याने दहा मिनिटे काहीतरी ध्वनिमुद्रित केले आणि तो जीपमध्ये जाऊन झोपला. मी दिग्दर्शकांना विचारले. ते म्हणाले, ‘सर, साउंड नंतर टाकू.’

ऑगस्टमध्ये फिल्म लागली. ग्रामपंचायतीच्या टीव्हीसमोर निम्मे गाव. पंचेचाळीस सेकंदांची फिल्म, त्यात आमचे सहा सेकंद, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पंचेचाळीस सेकंदांत केरळची होडी, राजस्थानचा उंट आणि हिमालय बसवायचा म्हटल्यावर सहा सेकंद चिकार झाले. पण त्या सहा सेकंदांत वाजत होती ढोलकी! लावणीची ढोलकी, वर घुंगरू, त्यावर कीबोर्डचा कसलासा गोड सूर. पोरांचे पाय एकीकडे, ठेका दुसरीकडे. चकत्यांचा आवाज नाही. हलगी नाही. चोवीस पोरे मुक्याने उड्या मारताहेत असे दिसत होते. वर निवेदकाचा भारदस्त हिंदी आवाज: पश्चिम भारत का लोकनृत्य. महाराष्ट्र हा शब्दसुद्धा परवडला नाही.

हलगीवाला माझ्या शेजारीच बसला होता. तो म्हणाला, ‘गुरुजी, दुसरंच कायतरी वाजतंय.’ मी म्हटले, हो. पुढची फिल्म लागली, मग बातम्या लागल्या. फिल्मची कॅसेट पाठवतो म्हणाले होते. ती अजून वाटेत असावी.

1982 च्या दिल्ली एशियाडमध्ये सांगलीच्या मंडळींनी लेझीम खेळून दाखवली होती, म्हणजे दिल्लीला ही गोष्ट अगदीच परकी होती अशातला भाग नाही.

आता ‘मिले सुर’कडे परत येतो, कारण तुमच्या लेखकांनी ते आणि आजच्या फिल्मा एकाच माळेत ओवले आहेत. त्या सहा मिनिटांत मोठमोठे चेहरे होते, धबधबा होता, समुद्र होता, ताजमहाल होता, सगळे खरे. पण आमच्या घरी तेव्हा टीव्ही नव्हता. शेजाऱ्यांकडे लागायचे आणि आम्ही ओट्यावर बसून ऐकायचो. भीमसेनजींचा पहिला सूर लागला की हातातले काम थांबायचे. पुढे भाषा बदलत जायची, चौदा भाषा, पण ओळ तीच आणि भैरवी तीच. बाळमुरलीकृष्णांचे तमिळ आले की आईला एक अक्षर कळायचे नाही आणि ती बरोबर गुणगुणायची. चित्र न बघता ते पोहोचत होते. सूर आणि शब्द कानापर्यंत पोहोचले पाहिजेत, हे तिथे आधी सांभाळले होते, देखावे नंतर. 2010 साली त्याचीच नवी आवृत्ती काढली ती सोळा मिनिटांवर गेली आणि सिनेतारकांची हजेरी घेता घेता दमली. तिच्यातली एक ओळ आज कुणी गुणगुणताना ऐकलीत का?

म्हणून सांगतो, आजच्या फिल्मांचा टीव्ही एकदा म्यूट करून बघा. काहीही बिघडत नाही. मग फक्त आवाज ऐका: आसामचा बिहू असो, पंजाबचा भांगडा असो की आमची लेझीम, मागे तेच ढाम-ढाम आणि तोच कोरस. कॅमेऱ्याला लाखो रुपये आहेत, आणि हलगीवाल्याला एसटीचे तिकीट देऊन स्टुडिओत बोलवायला पैसे नाहीत.

ता. क. लेखासोबत जो फोटो छापलात, त्याखाली ‘झांज पथक’ असे लिहिले आहे. फोटोत एकाच्याही हातात झांज नाही. सगळ्यांच्या हातात लेझीम आहे. भिंग लावून पाहिले.

आणखी एक. गेल्या दिवाळीत माझे पत्र छापलेत तेव्हा जागेअभावी शेवटचे दोन परिच्छेद उडवलेत आणि उरलेल्या पत्राचा अर्थ उलटा झाला. गावातले लोक अजून विचारतात, गुरुजी, तुम्ही त्या बाजूचे कधी झालात? याही वेळी जागा कमी असेल तर ‘मिले सुर’ची तारीख कापा, माझ्या भूगोलाच्या पेपरांचे कापा, हा ता. क. सुद्धा कापा. पाण्याच्या टाकीमागच्या माणसाचा मजकूर तेवढा ठेवा. त्याला एकदा आधीच फ्रेमबाहेर काढून झाले आहे.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक
(जि. सातारा)