बारा जागा नकोत, चार पुरेत

भांडुप,
मे महिन्यातला पहिला रविवार

प्रिय सई,

तू मोबाइलवर पाठवलेला मुलांच्या सहलींच्या बेताचा कागद मी तीनदा वाचला. अठरा मुलं, बारा दिवस, बारा जागा. वाचताना ऊर भरून आला, खोटं नाही सांगत. मे महिन्यात गावी गेलेली आपली चाकरमान्यांची मुलं पडवीत मोबाइल घेऊन बसतात आणि गावातली मुलं त्यांच्या खांद्यावरून डोकावत उभी राहतात, हे मी कित्येक वर्षं बघतोय. त्या सगळ्यांना उठवून एकत्र बाहेर न्यायचं तू मनावर घेतलंस. परवा फोनवर तू घाईत होतीस, आणि मला जे सांगायचंय ते घाईत सांगण्यासारखं नाही. तुझा काका उद्या रात्रीच्या कोकणकन्येने निघतोय, त्याच्या हाती हे पत्र देतो.

बारा जागा नकोत. चार ठेव: आपली राई, म्हणजे देवराई, धामापूर, पिंगुळी आणि कुडोपीचा सडा, म्हणजे ते कातळाचं पठार. आणि त्यातल्या राईत तीनदा जा. एकदा पहाटे, एकदा भर दुपारी, एकदा रात्री. सिंधुदुर्ग किल्ला त्यांचे आई-वडील दाखवतील, मालवणला मासे खायला जातातच सगळे.

राईपासून सुरुवात का, ते सांगतो. हे मी तुला कधी सांगितलेलं नाही. तुझ्या आईलाही अर्धंच माहीत आहे.

१९९६ चा मे महिना. मी नोकरीला लागून तीन वर्षं झाली होती, खिशात पैसे होते. मंडळाच्या आम्हा पोरांनी ठरवलं की गावात पार्टी करायची, तीही राईत, तळीच्या काठावर, कारण तिथे गारवा असतो. टेप लावला, चूल मांडली, कोंबडी शिजवली, थर्माकोलच्या ताटांत जेवलो आणि संध्याकाळी उठून घरी आलो. ताटं तिथेच. कोणाला विचारलं नव्हतं, देवाला नाही आणि गुरवालाही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खळ्यात दात घासत होतो, तर गुरवकाका पोतं घेऊन आले. तेव्हाच सत्तरीच्या पुढचे होते. पोतं माझ्या पायाशी ठेवलं. आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाले, "बत्तीस जाणां जेवलीत. ताटां एकतीस गावली. एक खंय गेलां?"

मी त्यांच्या मागोमाग राईत गेलो. दुपारपर्यंत शोधत होतो. ते ताट तळीत बुडालेल्या एका फांदीखाली अडकलं होतं, कंबरभर पाण्यात उतरून काढलं. वर आलो तेव्हा काका बेहड्याच्या झाडाखाली बसले होते. त्यांनी मला शेजारी बसायची खूण केली आणि वर बोट दाखवलं. खोडात पंधरा-वीस हात उंचीवर एक ढोली होती, तिचं तोंड लिंपलेलं, मधे फक्त एक चीर. थोड्या वेळाने ककणेर आला. पुस्तकात तू ज्याला धनेश म्हणतेस तो. चोचीवर ते मोठं पिवळं शिंगासारखं, पंखांचा आवाज कोणीतरी घोंगडी झटकावी तसा. त्याने गळ्यातून एकेक फळ वर आणलं आणि त्या चिरेतून आत दिलं. आत मादी होती. ती स्वतःला ढोलीत कोंडून घेते, विष्ठा आणि फळांचा चोथा लावून तोंड लिंपते, आणि दोन-तीन महिने नराच्या चोचीतून येईल तेवढ्यावर स्वतः जगते, पिल्लं वाढवते. आदल्या दिवशी आम्ही त्याच झाडाखाली टेप लावला होता. तो नर त्या दिवशी आला असेल का, किती वेळ लांबच्या फांदीवर थांबला असेल, हे मी अजूनही मनात धरून आहे.

एवढी मोठी ढोली जुन्या झाडालाच पडते. आणि जुनी झाडं आपल्याकडे राहिली ती राईतच, कारण तिथली काटकीसुद्धा मोडायची नाही असा दंडक आहे. बाकी डोंगर कलमांनी आणि काजूने भरले. मुलांना हे शब्दांत समजावू नकोस. त्यांना बेहड्याखाली तासभर गप्प बसव. पहिली वीस मिनिटं चुळबुळ करतील. करू दे. मात्र त्या झाडावर यंदा घरटं आहे का, हे आधी कळून घे. असेल तर लांब बसा, रंगीत कपडे नकोत, आणि खोडाजवळ कोणी जायचं नाही.

राईत शिरायच्या आधी आताच्या गुरवांना, म्हणजे काकांच्या नातवाला, गाऱ्हाणं घालायला सांग. नारळ घेऊन जा. "बा देवा म्हाराजा" म्हणून तो सुरुवात करील आणि मुलांनी प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. आपल्या मुंबईच्या मुलांना हे नवीन असेल, हसू येईल त्यांना. पण त्या गाऱ्हाण्यात देवाला काय सांगितलं जातं ते ऐकायला सांग: ही तुझी लेकरं आली आहेत, काही चुकलंमाकलं तर पदरात घे, आणि आली तशी सुखरूप घरी पाठव. कोणाच्या घरात पाऊल टाकण्याआधी हाक मारावी तसंच आहे ते.

धामापूरचा तलाव १५३० सालचा, विजयनगरच्या राजवटीत नागेश देसाई नावाच्या मांडलिकाने बांधलेला. २०२० साली त्याला जागतिक वारसा सिंचन रचनेचा मान मिळाला. पण मुलांना आधी दागिन्यांची गोष्ट ऐकू दे, मग साल सांग. कोणाच्या घरी लग्न निघालं आणि अंगावर घालायला सोनं नसलं, तर पाण्यावर फुलांची परडी सोडायची. पाण्यातून दागिने वर यायचे. लग्न झालं की परत करायचे. एकाने परत केले नाहीत आणि ते कायमचं थांबलं. मी ती गोष्ट भगवतीच्या देवळाच्या पायऱ्यांवर बसून आईच्या तोंडून ऐकली होती. आता ती तुझी आजी. तिला घेऊन जा. गुडघे दुखतात म्हणेल, रिक्षा कर. तुझ्या कागदावर तिचं नाव मला कुठे दिसलं नाही, सई, आणि अख्ख्या कागदात मला तेवढीच एक गोष्ट खटकली. तू 'माहिती कोण देणार' असा रकाना केलास आणि त्यात तालुक्याच्या ठिकाणचे लोक लिहिलेस. ते चांगलेच आहेत. पण माहिती तुझ्या माजघरात भिरंडं, म्हणजे कोकमाचे रातांबे, फोडत बसलेली आहे.

भिरंडांचं आलं म्हणून सांगतो. त्यासाठी वेगळी सहल नको, आपल्या खळ्यातच एक सकाळ ठेव. मुलांना रातांबे फोडू दे. हात लाल होतील, कपड्यांवर डाग पडतील, जुने घालायला सांग. सालं उन्हात घालायची, त्यांच्याच खारवलेल्या रसात बुडवायची, पुन्हा उन्हात, पुन्हा रसात, तेव्हा कुठे त्यांचं काळं मऊ आमसूल होतं. बिया फेकू नका, आजी त्यांचं तेल काढते, तेच ती थंडीत भेगांना लावते. भांडुपला आपण आमसुलाचं पाकीट फोडतो तेव्हा त्यात किती उन्हं गेली असतील, हे मलाही लहानपणी आईच्या शेजारी बसल्यावरच कळलं.

कुडोपीला एकदाच जाता येईल, गाडी करावी लागेल. मग वेळ तरी बरोबर साधा. डोक्यावर ऊन असताना जाऊ नका. एक तर मे महिन्यात जांभ्याचा सडा तव्यासारखा तापतो, आणि दुसरं, उभ्या उन्हात कातळातली चित्रं दिसतच नाहीत. उन्हं कलली की कोरलेल्या रेघेत सावली भरते आणि बघता बघता पायाखाली आकृती उमटते. तो क्षण मुलांना मिळायला हवा. कोणी कोरली, का कोरली, कोणाला ठाऊक नाही. ही कातळशिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत गेली, त्यात कुडोपी आहे. पण मुलांना हेही सांग की रत्नागिरीच्या सुधीर रिसबूड यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी कोकणात अशी चित्रं शोधली ती गावोगाव जाऊन, गुराख्यांना आणि शेतकऱ्यांना विचारत. गुरं वळणाऱ्याला ती रेघ ठाऊकच होती, त्याला कोणी विचारलं नव्हतं. चपला काढून चाला, चित्रावर पाय देऊ नका, खडूने रेघा ठळक करू नका.

पिंगुळीला चित्रकथी. ठाकर समाजाने जपलेली कला, रामायण-महाभारतातली आख्यानं एकेका चित्रावरून गाऊन सांगायची. चित्रांच्या गठ्ठ्याला पोथी म्हणतात. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, आणि त्यांनी घराच्या आवारातच या कलेचं संग्रहालय उभारलंय. कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्यांचा खेळही बघायला मिळतो. मुलांना फोटो काढायला जरूर दे, पण एक आख्यान पूर्ण ऐकल्यानंतर.

दशावताराची रात्र तू ठेवलीस, फार बरं केलंस. फक्त मुलांना नाटक सुरू व्हायच्या दोन तास आधी ने. पेटारे उघडतात तेव्हापासून. जमिनीवर चटई, समोर हातभर आरसा, आणि सकाळी शेतात राबलेला माणूस स्वतःच्या हाताने तोंड रंगवत असतो. स्त्रीपार्टी करणारा नऊवारीच्या निऱ्या कशा घालतो ते बघ, बघत राहावंसं वाटतं. कोणाच्या हातात कागद नसतो. आख्यान ठरतं, कोण काय हे ठरतं, संवाद उभ्या उभ्या सुचत जातात. रंगमंचावर एक बाक. तोच सिंहासन, तोच डोंगर. तुझ्या त्या गटात कोणी बुजरं मूल असेल तर त्याला संकासुराच्या समोर पुढे बसव. माझी भीड तिथेच गेली होती.

आता रात्रीची राई. काजवे महिनाअखेरीस लागतील, पहिला वळीव पडला की जास्त. ओढ्याच्या बाजूला जे ऐनाचं झाड आहे तिथे बसा. नर चमकतो मादीसाठी, प्रत्येक जातीची चमकायची लय वेगळी, आणि आपल्या बॅटरीचा झोत पडला की त्यांचा सगळा बोलण्याचा मेळ बिघडतो. म्हणून काकाबरोबर लाल जिलेटिनचे कागद पाठवतोय, बॅटऱ्यांना दुहेरी गुंडाळून रबर लावा. मोबाइल घरी.

आणि त्या रात्री मुलीही गेल्या पाहिजेत. यावर मी हट्ट धरतो. आई-बाप नाही म्हणतील, तर आयांनाच बरोबर घे. तुझी आत्या त्याच घरात लहानाची मोठी झाली. अंगणात येणारे एकटे-दुकटे काजवे तिने पाहिले, पण ऐनाचं पेटलेलं झाड तिने आजवर पाहिलेलं नाही. आम्ही तिघे भाऊ गेलो, ती दारात उभी राहिली. परवा तिला तुझा बेत सांगितला तर बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, मी येऊ का? मी तिचं तिकीट काढलं.

तुला आठवतं का, दोन वर्षांपूर्वी जूनच्या तोंडावर आपल्या मजल्याच्या पॅसेजमध्ये नवरंग पडलेला सापडला होता? हिरवी पाठ, शेपटीखाली लाल, डोळ्यावरून काळी पट्टी. लांबून उडत येऊन दमलेला, इमारतींच्या दिव्यांनी भांबावलेला. तू बुटाच्या खोक्याला भोकं पाडलीस, अंधारात ठेवलंस, कोणाला झाकण उघडू दिलं नाहीस, आणि संध्याकाळी टेकडीच्या बाजूला झाडीत नेऊन सोडलंस. तो पक्षी पावसाआधी आपल्या राईतही येतो. सकाळ-संध्याकाळ दोन सुरांची शीळ घालतो. ती शीळ आली की मुलांना सांग की हाच. ज्यांनी तेव्हा तुझ्याबरोबर खोक्याशेजारी बसून पहारा दिला, त्यातले दोघे तुझ्या अठरांत आहेत.

काकाच्या सामानात एक जड पोतं आहे. मंडळाच्या खोलीतून स्टीलची चोवीस ताटं मागून घेतली आहेत, प्रत्येकावर आकडा घातलाय. कुडाळ स्टेशनवर दोघांना पाठव उचलायला. जेवणं झाली की रोज मोजून ठेवा.

मी आणि आत्या २४ तारखेच्या रात्री निघतोय. दशावताराला पुढची चटई धरून ठेव.

तुझे
बाबा