जयंतराव, त्या एका चौकोनाबद्दल आभार

आदरणीय जयंतराव साळगावकर यांस,
सा. न. वि. वि.

1973 साली तुम्ही ‘कालनिर्णय’ ही दिनदर्शिका काढलीत. पंचांग त्याआधीही घरात असे, ते वाचता येणारं माणूस मात्र घरोघरी नसे. ‘तृतीया 35 घटी 0 पळे’ यावरून संकष्टी कधी, हे कसं कळायचं? घटी म्हणजे 24 मिनिटं आणि मोजणी सूर्योदयापासून. सूर्योदय साडेसहाचा असेल तर 14 तास मिळवायचे. तृतीया रात्री साडेआठला संपली. चंद्रोदय 9 वाजून 20 मिनिटांनी, म्हणजे तेव्हा चतुर्थी लागलेली, म्हणून संकष्टी त्याच दिवशी. दिनदर्शिकेतल्या तारखेच्या चौकोनात तिथी मात्र तृतीयाच, कारण तिथे सूर्योदयाची तिथी लिहितात. ‘छपाईची चूक’ समजून यावर आजही वाद होतात. चूक नसते. प्रत्येक व्रताची तिथी पाहायची वेळ वेगळी असते: संकष्टीला चंद्रोदय, रामनवमीला माध्यान्ह, महाशिवरात्रीला मध्यरात्र.

हा सगळा खटाटोप तुम्ही स्वतःकडे घेतलात आणि वाचकाला फक्त उत्तर दिलंत. नावातला ‘निर्णय’ हा शब्द म्हणूनच आम्हा पंचांग वाचणाऱ्यांना फार मोलाचा वाटतो. माहिती देणं सोपं, निर्णय छापणं जोखमीचं. एकादशीचंच घ्या. सूर्योदयाच्या 4 घटी आधी, म्हणजे 96 मिनिटं, अरुणोदय होतो. तेव्हा दशमी शिल्लक असेल तर भागवत, म्हणजे वारकरी-वैष्णवांची, एकादशी दुसऱ्या दिवशी धरतात; स्मार्तांची, म्हणजे इतरांची, आदल्या दिवशी येऊ शकते. दोन्ही नोंदी वेगळ्या दिल्या नाहीत तर एखाद्या वारकऱ्याचा उपास चुकीच्या दिवशी घडतो.

त्याच पानावर ईद, नाताळ, पतेती आली, हेही तुमचंच. ईद चंद्रदर्शनावर एक दिवस पुढेमागे होते, हे वाचकांनी ध्यानात ठेवावं.

मालवणात 1929 साली जन्म, मग मुंबई, पत्रकारिता, शब्दकोडी, ज्योतिष. या सगळ्याचा उपयोग तुम्ही एका भिंतीवरच्या कागदासाठी केलात. पानामागे लेख, पाककृती, भविष्य दिल्यामुळे महिना संपला तरी पान फाडवत नाही. पुढच्या बाजूला दुधाचे लिटर, बाईचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख. हा धंदाही कठीण: दिवाळीच्या सुमारास माल दुकानात हवा आणि जानेवारी सरला की उरलेल्या प्रती रद्दीत. गणित चुकलं तर वर्षभर प्रत्येक भिंतीवर तीच चूक टांगलेली राहते, दैनिकासारखी दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापता येत नाही. म्हणून मुद्रितशोधनाइतकंच गणित पुन्हा तपासणं महत्त्वाचं.

ऑगस्ट 2013 मध्ये तुम्ही गेलात. तुमचे चिरंजीव जयराजजींनी आणि पुढे नात शक्ती यांनी काम चालू ठेवलं, दिनदर्शिका मोबाइलवरही आली. त्यांचेही मनापासून आभार.

ज्यांच्या गावाची वेळ छापलेली नाही, त्यांच्यासाठी एक गोष्ट तुमच्याच वतीने सांगतो. चंद्रोदय मुंबईचा धरू नका. रेखांशाच्या एका अंशाला 4 मिनिटं. नागपूर मुंबईच्या पूर्वेला सव्वासहा अंश, म्हणजे तिथे चंद्र साधारण 25 मिनिटं आधी उगवतो. अक्षांशामुळे थोडा फरक आणखी पडतो. मुंबईची वेळ पाहत बसलात तर मोदकांचं ताट उगाच थंड होतं.

आपले,
पंचांग वाचणारे काही जण