या वेळी तू सांगू नकोस

प्रिय ठमे,

पत्र बघून घाबरू नकोस, सगळे ठीक आहेत. माझं बीपी गोळीवर आहे, आईचं तेच चाललंय. फोन केला असता, पण फोनवर तू तिसऱ्या वाक्याला मला अडवतेस आणि किंचाळतेस. हे मला सलग सांगायचंय. दीड वर्ष मी गप्प राहिले. तुझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनला आले नाही, मग लाजेनं फोनही टाळत गेले. चुकलंच माझं. रागाव, पण सगळं वाचून झाल्यावर.

प्रॉम्प्टर आला होता.

हो, तोच, आपल्या नाटकातला. आता खाली बस आणि वाच.

मागच्या महिन्यात, सकाळची कानांची तिसरी तपासणी. फॉर्मवर नाव होतं. असलं नाव आणखी कोणाचंही असेल, असं मनाशी म्हटलं आणि वय वाचलं, 53. मग मान वर केलीच नाही. दारावरच्या पाटीवर माझं लग्नानंतरचं आडनाव, तोंडाला मास्क. त्याला कळायचं काही कारण नव्हतं. आत बसवायला, हेडफोन लावायला, सूचना द्यायला मदतनीस मुलीला पाठवलं आणि मी काचेच्या या बाजूला बसले. 27 वर्षं हे काम करतेय, पण त्या दिवशी बोटं थरथरत होती गं.

1000 हर्ट्झच्या सुराला त्यानं पटकन बटण दाबलं (आकडा मोठा तेवढा सूर वरचा). 2000 लाही ठीक. 4000 ला मी आवाज वाढवत गेले, 40 डेसिबल, 50, 60, आणि तो डोळे मिटून, अंगठा बटणावर ठेवून वाट बघत बसलेला. 65 ला दाबलं. 8000 ला परत थोडं बरं. आलेखावर उजव्या कानाचे लाल गोल आणि डाव्याच्या निळ्या फुल्या एकाच जागी खड्ड्यात उतरल्या. हा खड्डा आम्हाला बघताक्षणी कळतो. वर्षानुवर्षं मोठ्या आवाजात काम केलेल्या माणसाचा असतो तो. जहाजाचं इंजिनरूम, दुसरं काय. जाताना ती लोखंडी पेटी उचलायला तूच हात लावला होतास, मी वर गच्चीत होते.

मग शब्दांची चाचणी. यात मी माईकवर एकेक शब्द म्हणायचा आणि समोरच्यानं तो परत म्हणायचा. ओठ वाचता येऊ नयेत म्हणून तोंड झाकलेलं असतं. मी 'सात' म्हटलं, तो 'हात' म्हणाला. मी चूक म्हणून खूण केली. पुढचा शब्द म्हटला तर उत्तरच नाही. डोळे उघडून काचेकडे बघत राहिला, आणि मग म्हणाला, "शब्दाच्या शेवटी आवाज अजून सोडतेस तू."

तालमीत रोज हेच ओरडायचा ना आपल्यावर? बत्तीस वर्षांनी, निम्मे शब्द नीट ऐकू येत नसताना, त्यानं मला तेवढ्यावरून ओळखलं.

पण ठमे, मला लागलं ते वेगळंच. आठवतं, दुसऱ्या अंकात मी कोरी झाले आणि विंगेतून कुजबुजत त्यानं मला शेवटपर्यंत नेलं? कुजबुजताना स्वरतंतू थरथरतच नाहीत, नुसता श्वास घासत बाहेर येतो, आणि त्याचा बराचसा भाग वरच्या पट्टीत असतो. त्याच्या कानांतून नेमकं तेच गेलंय. एकेका कानाच्या आतल्या शंखात जन्माला येताना आवाज टिपणाऱ्या 15-16 हजार केसपेशी असतात, त्या एकदा मेल्या की माणसात पुन्हा येत नाहीत. ज्यानं मला कुजबुजून सावरलं, त्याला आता माझी कुजबुज ऐकू येणार नाही. त्या रात्री मी खूप रडले. हे रडणं दुसऱ्या कोणाला समजावून सांगता येणार नाही, म्हणून तुला लिहितेय.

कानाचं मशीन बसवायचं काम मी लगेच सहकारिणीकडे सोपवलं. मनात हे असताना त्याच्या कानांचे निर्णय मी घेणं बरोबर नव्हतं. मशीन लावून तो बाहेर आला तेव्हा मी हातातला कागद दुमडत होते. त्यानं वळून कागदाकडेच पाहिलं आणि म्हणाला, "याला एवढा आवाज असतो?" आणि हसला. ते हसू तसंच आहे, ठमे. मी काही लपवत नाही.

त्याची बायको सहा वर्षांपूर्वी गेली. तिच्याबद्दल जे बोलला ते फार चांगलं बोलला, आणि त्यामुळे मला तो अधिकच बरा वाटला.

आता आपलं जुनं भांडण. ग्रंथालयाच्या जिन्यात तू परस्पर त्याला माझ्या मनातलं सांगितलंस आणि मी परीक्षा संपेपर्यंत तुझ्याशी बोलले नाही. तू एकच म्हणायचीस, "तू कधी सांगणार होतीस?" परवा मी त्याला विचारलं. म्हणाला, "तिनं सांगितलं होतं. पण मला तुझ्या तोंडून ऐकायचं होतं. निघायच्या आदल्या दिवसापर्यंत थांबलो." तेव्हा त्या भांडणात तुझंच बरोबर होतं, हे मी लेखी देते. फ्रेम करून लाव.

काळजी एकच आहे आणि ती रात्री झोपू देत नाही. मला हा माणूस आवडतोय, की ती एकोणीस वर्षांची मी? घटस्फोटाला अकरा वर्षं झाली, एकटीचं नीट बसलंय सगळं. लेकीला अजून काही सांगितलेलं नाही. उगाच जुन्या आठवणीच्या जिवावर मी एका दमलेल्या माणसाला आशा लावतेय का? ही उलटसुलट मी महिनाभर करतेय. मग एक गोष्ट लक्षात येते. पूर्वी तो कोणाचं वाक्य पुरं होऊ द्यायचा नाही, मधेच स्वतः संपवायचा. तुझी तर त्यावरून किती चिडचिड व्हायची! आता तो तोंडाकडे बघत शेवटचा शब्द येईपर्यंत थांबतो. नीट ऐकू येत नाही म्हणून असेल, वय झालं म्हणून असेल. पण असं माझं बोलणं पुरं ऐकणारं कोणी मला आजवर भेटलं नव्हतं. हे एकोणिसाव्या वर्षाचं नाही ना गं? हे आत्ताचं आहे.

तू कशी आहेस? जिना चढता येतो का? जावयाच्या नोकरीचं काय झालं? धाकटीला माझा पापा. नवीन घर बघायला नक्की येते.

गुरुवारी तो येतोय, तपासणीसाठी नाही. लोकांना आम्ही शिकवतो तसंच करणार आहे: समोर बसायचं, तोंडावर उजेड पडू द्यायचा, भरभर बोलायचं नाही. आणि शेवटचा शब्द सोडायचा नाही.

या वेळी मीच सांगणार आहे. म्हणून त्याचा नंबर या पत्रात लिहिलेला नाही.

तुझीच,
बुटकी