सिगारेटच्या पुढचंही थोडं छापा

संपादक साहेब,
स.न.वि.वि.

फुफ्फुसाच्या कॅन्सरवर पेपरात काहीही आलं की ते सिगारेटपासून सुरू होतं आणि सिगारेटवरच संपतं. सिगारेट हे सगळ्यात मोठं कारण आहेच, त्यात वाद नाही, पण आयुष्यात बिडीला हात न लावलेल्या बाईला हा कॅन्सर निघाला की घरचे नुसते एकमेकांकडे बघत बसतात, आणि अशा पेशंटमध्ये जीन म्युटेशन, म्हणजे पेशीच्या जीनमध्ये झालेला बदल, सापडायचा चान्स किती मोठा असतो हे त्यांना कोणी सांगतच नाही.

म्युटेशन म्हटलं की लाखात एकाला होणारं काहीतरी वाटतं. तसं अजिबात नाहीये. फुफ्फुसाच्या कॅन्सरमधले साधारण ८५ टक्के नॉन-स्मॉल सेल या मोठ्या गटातले, त्यात सगळ्यात जास्त ॲडेनोकार्सिनोमा हा उपप्रकार, आणि त्यात ईजीएफआर नावाच्या जीनमधलं एकटं म्युटेशन धरलं तरी युरोप-अमेरिकेत १० ते १५ टक्के पेशंटमध्ये आणि पूर्व आशियात जवळपास निम्म्या पेशंटमध्ये सापडतं, भारतातले आकडे या दोन्हींच्या मधले. केरास या दुसऱ्या जीनमधल्या म्युटेशनचं उलटं, ते पश्चिमेकडे जास्त आणि सिगारेट ओढणाऱ्यांत जास्त. एएलके ३ ते ५ टक्के, रॉस-वन १-२ टक्के, मग बीआरएफ, मेट, रेट वगैरे (ही सगळी जीनचीच नावं), एकेकटे छोटे पण बेरीज केली की छोटे राहत नाहीत. यातल्या बऱ्याच म्युटेशनवर आज गोळ्या आहेत, म्हणून तर एवढं लिहितोय.

आणि हो, हे म्युटेशन बहुतेक वेळा गाठीतल्या पेशींमध्येच झालेलं असतं, आईबापाकडून आलेलं नसतं. रिपोर्ट बघून लगेच पोराबाळांच्या टेस्ट करायला धावू नये.

खरी गडबड बायोप्सीत होते. सुईतून येणारा तुकडा दोऱ्याएवढा बारीक, तो मेणाच्या ब्लॉकमध्ये बसवतात, कॅन्सर कुठला हे ठरवायला त्याचे काप काढत जातात आणि म्युटेशनची टेस्ट सांगेपर्यंत टिश्यूच संपलेलं असतं, मग परत सुई. म्हणून बायोप्सीच्या आधीच डॉक्टरांना विचारावं की म्युटेशनसाठी तुकडा उरेल ना. रक्तातूनही टेस्ट होते, पण ती निगेटिव्ह आली म्हणजे म्युटेशन नाहीच असं धरायचं नाही. रिपोर्टला वेळ लागतो, घरच्यांना धीर नसतो, साहजिक आहे, पण इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरशी लढायला लावणारी ट्रीटमेंट) आधी देऊन मागून लगेच ऑसिमर्टिनिबसारखी ईजीएफआरवरची गोळी चालू केली तर फुफ्फुसाला सूज यायचा धोका वाढतो, त्यामुळे तब्येत थांबण्यासारखी असेल तर रिपोर्ट येईपर्यंत थांबलेलं बरं.

अजून एक राहिलं, एकदा टेस्ट केली की झालं असंही नाही. जेफिटिनिब, एरलोटिनिब या ईजीएफआरवरच्या जुन्या गोळ्या काही काळाने चालेनाशा होतात तेव्हा निम्म्याहून जास्त पेशंटमध्ये टी-७९०-एम नावाचं नवीन म्युटेशन तयार झालेलं असतं, आणि त्यावर ऑसिमर्टिनिब चालते, पण ते परत टेस्ट केल्याशिवाय कळणार कसं?

आपला,
एक वाचक